हॅलो: पलीकडच्या काठाला मारलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझं नाव हॅलो. माझा अर्थ एवढासाच, ‘कोणी आहे का तिकडे?’ माझ्या जन्माबद्दल जाणकारांचं एकमत नाही. काही जण म्हणतात, नदीपलीकडच्या नावाड्याला लोक जी हाक मारत, तिच्यातून मी आलो. मला हे पटतं. उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला लागणं माझ्या पाचवीलाच पुजलेलं आहे.

पुढे टेलिफोन आला आणि माझं नशीब फळफळलं. माझ्याशिवाय कुणाचं पान हलेना! आता मोबाइलवर आधीच नाव दिसतं, लोक थेट ‘बोल’ म्हणतात. मला विचारतो कोण?

शिवणकाम करणारी एक आई मात्र मला विसरली नव्हती. मशीनशेजारी तिचा जुना फोन होता. मुलगा दूरगावी नोकरीला. संध्याकाळी फोन वाजला नाही, की ती रिसीव्हर उचलायची आणि ‘हॅलो?’ म्हणून आतली घरघर ऐकत बसायची. फोन बिघडला असेल, अशी तिची वेडी आशा. पण मेला फोन ठणठणीत असायचा. कोरड्या तारेत मी एकटाच लोंबकळत राहायचो. फार वाईट वाटायचं.

एके दिवशी मुलगा अचानक घरी आला. ती त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होती. तो हसत म्हणाला, “आई, रोज संध्याकाळी कुणाशी गप्पा हाणतेस गं? कधीही लावावा तर फोन बिझी! म्हटलं, चला, आईला सोबत आहे.”

“मी कुणाशी बोलणार? अरे, फोन चालू आहे का ते बघत होते.”

सुई हातात तशीच राहिली. त्याने मशीनशेजारच्या फोनकडे पाहिलं; ती तो उचलून बघायची, म्हणूनच त्याला बिझी लागायचा.

निघताना तो म्हणाला, “आता उचलून बघायचं नाही. वाजला की घ्यायचा.” तो जिना उतरला आणि फोन वाजला.

“हॅलो?” तिने विचारलं.

“हॅलो, आई,” खाली रस्त्यावरून तो म्हणाला.

कित्येक दिवसांनी मी पलीकडून परत आलो होतो.

मित्रांनो, मी एकटा असलो की अर्धाच असतो. कुणाचा फोन लागला नाही, तर ते माणूस मजेत असेल असं समजून गप्प बसू नका. पुन्हा लावा. कदाचित तिकडे कुणी मला एकट्यालाच कानाशी धरून बसलं असेल.