ऑलिव्हच्या पोटातला विस्तव

खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबले होते, तरी वणव्याचा धूर वर्गात यायचा तो आलाच. अख्खं गाव त्या एका वर्गात. बाकांवर म्हातारेकोतारे, फळ्याखाली दोन शेळ्या, आणि टेबलावर बेकरीवाल्या काल्योमावशीचा कॅनरी पक्षी पिंजऱ्यात गप्प. गावाबाहेर पडायचा एकच रस्ता, त्यावर जळती पाइनची झाडं आडवी पडलेली. दुसऱ्या बाजूला कडा, कड्याखाली समुद्र. आसिमिनाला वाटत होतं, झाकण ठेवलेल्या पातेल्यात बसलोय आपण, आणि खालचा गॅस कुणीतरी बंद करायला विसरलंय.

आग सकाळी गावाला वळसा घालून पुढे गेली होती. रस्ता बंद व्हायच्या आत रुमानियाहून मदतीला आलेला एक बंब तेवढा पोचला, तोही आता इथंच अडकलेला. त्या लोकांना ग्रीक येईना आणि गावाला रुमानियन. मधे उरलं इंग्रजी, आणि इंग्रजी म्हटलं की गावात एकच नाव! जूनमध्येच आसिमिना इंग्रजीच्या शिकवणीच्या मोठ्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत आली होती. आईनं सर्टिफिकेट फ्रेम करून थेट देवाच्या तसबिरीशेजारी लावलेलं. विहीर कुठे, गॅसचे सिलिंडर कुठे, चालता न येणारे किती, सगळं तिनं सकाळपासून फाडफाड सांगितलं होतं. धुरानं डोळे चुरचुरत होते, पण मान ताठ होती.

दुपारी स्टामेलोसकाका आत आले, ते भुवया जळालेल्या तोंडानंच.

"पोरी, त्या बंबवाल्या दोरूला थांबव. उरलंसुरलं पाणी रस्त्यावर ओततोय तो. शाळेमागचं माझं थोरलं ऑलिव्हचं झाड आतून धुमसतंय. संध्याकाळचा वारा सुटला की फुटेल. वरचे पाइन पेटले, की आपण सगळे इथंच भाजू."

"झाडासाठी आम्हाला कोंडून ठेवतोस होय रे, स्टामेलोस?" काल्यो कडाडली. "आधी रस्ता मोकळा होऊ दे! माझा पक्षी मरायला टेकलाय."

"तुझा पक्षी पण भाजेल, काल्यो."

"आणि तू गं, सर्टिफिकेटवाली? बोल की त्याला, पाणी रस्त्यावरच टाक म्हणावं!"

आसिमिना कुणाचंच न ऐकता बाहेर पळाली. बंबाचा प्रमुख दोरू रस्त्याकडे पाइप ओढत होता. तिनं त्याला हाताला धरून झाडापाशी ओढत आणलं.

"हे जळतंय," ती इंग्रजीत म्हणाली.

दोरूनं वर पाहिलं. पानं हिरवीगार. "आग कुठंय?"

"आत."

"ज्वाळा?"

"ज्वाळा नाहीत."

"मग आग नाही." तो वळला. त्याचंही इंग्रजी मोजकंच होतं, आणि वेळ त्याहून कमी.

मागे आगीचा रस्ता, पुढे कडा, आणि आता तोंडातसुद्धा वाट बंद! जळणं, पेटणं, भडकणं, सगळ्यांना इंग्रजी शब्द होते तिच्याकडे. पण ज्वाळेशिवाय आतल्या आत जळतं, त्याला काय म्हणायचं? तो शब्द शिकवणीच्या फळ्यावर होता, शेवटच्या ओळीत. परीक्षेत तिनं तो रिकाम्या जागेत भरलासुद्धा होता, अचूक, आणि अर्थ कळायची गरजही पडली नव्हती.

"स्मोल्डर!" ती किंचाळलीच. "दोरू, स्मोल्डर!"

दोरू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "ते काय?"

घ्या! इतका अस्सल शब्द, आणि त्याच्या गावीही नाही! तिनं एकेक अक्षर सांगून पाहिलं. त्यानं खांदे उडवले. तेवढ्यात पाइनच्या शेंड्यांतून पहिली झुळूक सरकली, आणि मागोमाग आलेले काका पुढे झाले. बुंध्यातल्या ढोलीच्या कडेला त्यांनी हाताची पालथी बाजू टेकवली, जशी तापल्या पोराच्या कपाळाला टेकवावी, आणि झटकन काढली.

आसिमिनानं दोरूचा हातमोजा ओढून काढला आणि त्याचा पालथा हात तिथंच नेला.

"आई गं!" हे तो रुमानियनमध्येच म्हणाला असणार. त्यानं हात मागे घेतला, ढोलीत नाक घालून वास घेतला, मग हिरव्या पानांकडे वर पाहिलं. या वेळी बराच वेळ.

"स्मोल्डर," आसिमिना हळू म्हणाली.

"स्मोल्डर," दोरू म्हणाला आणि आपल्या माणसांना ओरडून बोलावू लागला.

करवत लागली तेव्हा काकांनी टोपी काढली आणि पाठ फिरवली. खोड उघडलं, आणि आतून लालभडक निखाऱ्यांनी जबडा वासला. टाकीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत त्यात गेलं. वारा सुटला तेव्हा झाडाच्या जागी ओला कोळसा होता, आणि वरचे पाइन नुसते सळसळत होते.

"म्हणजे आजची रात्र इथंच?" दारातून काल्योनं विचारलं.

"इथंच, मावशी," आसिमिना म्हणाली. "रस्त्याला पाणी उरलं नाही."

काल्यो काहीतरी पुटपुटत आत गेली.

दोरू शेजारच्या ऑलिव्हपाशी पोचला होता. उघडा हात बुंध्याला टेकवून त्यानं आसिमिनाकडे पाहिलं. "स्मोल्डर?"

तिनं आपला हात लावला. थंड. "नाही."

पुढचं झाड. "स्मोल्डर?"

या वेळी खोड इतकं तापलेलं, की तिला हात ठेववेना. मागे बादलीची कडी वाजली. विहिरीवरून काल्यो येत होती, एका हातात बादली, दुसऱ्यात पिंजरा.

"बघत काय बसलीस? कुठलं झाड ते सांग!"