मंतरलेलं पेन आणि आत्याची चप्पल

झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीपासून निघालेली रांग जिना उतरून पार रस्त्यावर आली होती. प्रत्येकाच्या हातात एक पेन आणि चेहऱ्यावर कालच्या सराव परीक्षेचं सुतक. वर पेनमहाराज बसले होते. पेन घ्यायचं, कानाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि हळूच म्हणायचं, "हं. रुसलंय." मग एक फुंकर. पेन खूश, पोरगं खूश, आणि पोराच्या आईच्या डोळ्यांना धार.

"पुढच्या परीक्षेत गुण वाढतील," महाराज सांगायचे. आणि खरंच वाढायचे. हीच तर सगळी पंचाईत होती.

चिमीही रांगेत होती, आईने दंड धरून ठेवला होता म्हणून. चिमी रुग्णालयात मदतनीस. ड्युटी संपवून नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायची. वयाची अट अशी की यंदा हुकलं तर कायमचं हुकलं. मग जन्मभर इंजेक्शन दुसऱ्यांनी द्यायचं आणि हिने ट्रे धरून उभं राहायचं. डोकं तेच, अभ्यास तोच, पण एका रविवारी गुण आभाळाला टेकायचे आणि दुसऱ्या रविवारी तोंडावर आपटायचे. या चढउताराने पोर पिचून गेली होती.

महाराजांनी तिचं पेन कानाला लावलं. "तू प्रश्न अर्धवट सोडतेस का गं?"

"कधीकधी."

"म्हणूनच. सोडलेला प्रश्न शाप देतो, बाळ. हातात घेतलेला तडीला नेल्याशिवाय पुढच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही."

पुढच्या रविवारी गुण वाढले. आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी ते असे कोसळले की आई गल्लीतून मान खाली घालून गेली.

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. "पेन बिचारं काय करणार?" म्हणजे वाढले ते पेनाचे, घटले ते चिमीचे. चित भी मेरी, पट भी मेरी.

ही हकिगत चिमीच्या आत्याच्या कानावर गेली. आत्या गणिताची निवृत्त शिक्षिका, तोंडाने तिखट. चिमीच्या क्लासात सराव परीक्षा तीच घ्यायची. ती वर्गात आली, पायातली चप्पल काढली आणि टेबलावर ठेवली.

"आज ज्यांचे गुण सगळ्यात कमी, त्यांनी पुढे या. ही चप्पल सिद्ध आहे. हात लावा."

वर्ग खोखो हसला, पण पोरांनी हात लावले. पुढच्या परीक्षेत त्यातल्या बहुतेकांचे गुण वाढले. एकाने तर चपलेला नमस्कारच केला.

"जरा दम धर," आत्या म्हणाली. "आता आज ज्यांचे वरचे नंबर आलेत त्यांनी हात लावा."

त्या हुशार मंडळींपैकी बहुतेक जण पुढच्या वेळी घसरले.

"चप्पल तीच, पाय तोच," आत्या म्हणाली. "कुठले प्रश्न आले, झोप झाली का, डोकं ठिकाणावर होतं का, यावरही गुण हलतात. सगळंच उलटं पडलं की तुम्ही तळाला जाता, आणि नेमके तेव्हाच महाराजांकडे पळता. दर वेळी सगळंच कसं उलटं पडेल? गुण आपसूक नेहमीच्या जागी येतात. फार वर गेलेलेही तसेच उतरतात. पण गुण वर गेलेलं कुणी कधी महाराजांच्या जिन्यावर दिसलं का?"

"पण आत्या, मी सगळ्यांपेक्षा जास्त हेलकावते," चिमी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

पुढच्या सराव परीक्षेला आत्या तिच्या शेजारी बसून राहिली. सुरुवातीलाच सलाईनच्या थेंबांचं एक किचकट गणित आलं. चिमी त्यात रुतली. खोडलं, मांडलं, पुन्हा खोडलं. वेळ संपला तेव्हा शेवटची पानं कोरी होती.

"आता त्यातले प्रश्न तोंडी सांग," आत्या म्हणाली.

चिमीने एकामागून एक धडाधड उत्तरं दिली आणि मधेच कोऱ्या पानांकडे बघितलं. तिचं तिलाच कळलं.

"अवघड गणित शेवटी आलं की तू वर, आधी आलं की तू गाळात," आत्या म्हणाली. "आणि गाळातून उठायचं नाही, असं तुला फुंकर मारून सांगितलंय. जे येतात ते आधी सोडव. अडलं की खूण कर, पुढे हो, वेळ उरला की परत ये."

"वन्सं, पण शाप?" आईने दबकत विचारलं.

"वहिनी, आपल्याला कुणी सोडलं हे प्रश्नाला कळतं तरी का?"

खऱ्या परीक्षेत पहिलाच प्रश्न असा आला की चिमीला सुरुवातच सुचेना. शाप आठवला, जन्मभराचा ट्रेही आठवला. तिने समासात खूण केली आणि पान उलटलं.

ती पास झाली. आई हमसून हमसून रडली. दोनच दिवसांत जिन्याच्या तोंडाशी फलक लागला: चिमीचा हसरा फोटो, खाली 'महाराजांच्या फुंकरीचं यश'.

चिमी तडक वर गेली. खोली माणसांनी भरली होती.

"बघा, श्रद्धेचं फळ स्वतः चालत आलं," महाराज प्रसन्न होऊन म्हणाले.

"महाराज, मी पहिलाच प्रश्न सोडला होता," चिमी म्हणाली. "तुमचा शब्द खरा असता तर मी नापास व्हायला हवी होते. मी पास झाले, मग तुमचा शब्द खोटा. हे लिहायचं का फलकावर?"

महाराजांनी हातातलं पेन कानाशी नेलं, झटकलं आणि पुन्हा कानाशी नेलं.

"मग आम्ही करायचं तरी काय?" रांगेतल्या एका आईने विचारलं. तिच्या पोराचा चेहरा पार उतरलेला होता.

"काकू, त्याला घरी न्या. पेपर पुढ्यात घेऊन बघा, कुठे अडला, किती वेळ घालवला, काय येत असून राहून गेलं," चिमी म्हणाली. "आणि पुढच्या वेळी गुण वाढले तर एवढंच विचारा, की फुंकर मारली नसती तर वाढले नसते का?"