लाल अक्षरांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. बोईसरच्या एका सरकारी दवाखान्यात, रस्त्याकडच्या खोलीवर मी टांगलेली आहे. 'क्षयरोग तपासणी व उपचार' एवढंच माझ्यावर लिहिलंय. कारखान्यांच्या शिफ्टच्या बस बरोबर माझ्यासमोर थांबतात.

उन्हापावसाने माझी अक्षरं पार उडाली होती, तेव्हा माझ्याखालच्या बाकावर माणसं निवांत बसायची. जालन्याकडची राहीबाई त्यातलीच. नवरा कारखान्यात, भाड्याची खोली, दोन लेकरं. गोळ्या न्यायला ती न चुकता यायची. खोकला उतरला होता, अंगही धरू लागली होती.

मग साहेब पाहणीला येणार म्हणून मला रंगवलं. पिवळ्यावर लालभडक अक्षरं, शेजारी खोकणाऱ्या माणसाचं चित्र. काय ऐटीत होते मी म्हणून सांगू! लोकांना आता दवाखाना लांबूनच दिसेल, असं सगळ्यांना वाटलं. दिसला खरा. राहीबाई बाकावर बसली होती, बस थांबली आणि खिडकीतून तिच्या घरमालकाच्या सुनेने आधी मला वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं. राहीबाईने पदर तोंडावर ओढला आणि गोळ्या न घेताच निघून गेली. पुन्हा आलीच नाही.

शालू सिस्टर वाणगावची, बोलायला फटकळ, पण मनाची मऊ. गणवेश बदलून, साधी साडी नेसून ती राहीबाईच्या खोलीवर जाऊन आली.

"गोळ्या मधेच सोडल्या तर रोग उलटतो, सांगितलं नाय तिला?" शिपाई दिनानाथने विचारलं.

"तिला सगळं ठावं हाय, काका. म्हणते, रोगानं मेले तर एकटी मरीन, खोली गेली तर लेकरं रस्त्यावर येतील. त्या पाटीखाली बसायला नाय येणार ती."

मित्रांनो, मला माझ्याच रंगाची लाज वाटली. ज्यांना बोलवायला मला टांगलं, त्यांनाच मी हाकलून लावत होते.

दिनानाथने मला उतरवलं आणि उलटी करून त्याच खिळ्याला लावलं. काही दिवसांनी ओळखीचा खोकला ऐकू आला, आधीपेक्षा खोल.

"आता पुन्हा पयल्यापासून, राहीबाय," सिस्टर म्हणाली.

"घेते," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, बाकावर कुणी खोकत बसलेलं दिसलं तर टक लावून पाहू नका, घरी जाऊन कुजबुजू नका. बरं आहे ना, एवढं विचारा. तुम्हाला ते जमलं की दिनानाथला मला सरळ करायला सांगा. तोवर मी भिंतीकडेच तोंड करून राहीन.