किनीच्या गाडीची चार हँडलं

आमच्याकडे फिजीत भाच्याने मामाच्या वस्तूला हात घातला, की मामाने ब्र काढायचा नाही. मामीने तर नाहीच नाही. म्हणून दर शनिवारी ह्यांचा भाचा किनी यायचा, खुंटीवरची किल्ली उचलायचा आणि रग्बीचं अख्खं टोळकं कोंबून आमची गाडी पळवायचा. रेडे मेले! दार उघडत नाहीत, उपटतात. जपानहून आलेली जुनी गाडी, उन्हाने हँडलचं प्लास्टिक पापडासारखं झालेलं. काडकन मोडायचं.

"मामी, आपोआप तुटलं गं!"

मेल्याचं सगळं आपोआपच! नौसोरीच्या भंगारवाल्याकडून दुसरं आणायचं आणि मीच बसवायचं. पाना कसा धरायचा ते मला त्या हँडलांनीच शिकवलं.

मग साखरेच्या दुखण्याने आमच्या ह्यांचा एक पाय गेला. दुसऱ्याला जखम. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ड्रेसिंग चुकवलंत तर हाही जाईल.

एका सोमवारी ह्यांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं आणि निघाले. हॉस्पिटलच्या दारात हँडल ओढलं, तर ते हातातच आलं. बघते तर काय, मोडलेलं हँडल गोंदाने चिकटवून ठेवलेलं! शनिवारी मोडलं आणि सांगितलंसुद्धा नाही. ह्या दाराचं आतलं हँडल आधीच मोडलेलं, आणि पलीकडचं दार तर आतून-बाहेरून कधीचंच बंद. शेवटी दोन वॉर्डबॉयनी ह्यांना खिडकीतून ओढून काढलं. कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला सुलू वर सरकला. रांगेतल्या बाया तोंड फिरवून हसल्या. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस हो माझा!

"त्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही," हे म्हणाले. पुढच्या ड्रेसिंगला गेलेच नाहीत. आमच्या चिखलाच्या रस्त्यावर टॅक्सी येत नाही. जखमेला वास यायला लागला.

किनीला सांगितलं, तर तो खो खो हसला. "मामाला जरा बारीक कर ना मग!"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, थांब लेका, तुला दाखवते.

महिन्याभरात किनीने गाडी घेतली. आमच्या गाडीच्याच मॉडेलची, पण चंदेरी, चकचकीत. तीच मिरवत तो लग्नाची मागणी घालायला लितियाच्या घरी निघाला. मामाकडची म्हणून मीही गेले. चटया अंथरलेल्या, पाहुण्यांनी प्यायच्या यंगोनाचं पातेलं मधोमध, लितियाचे वडील समोर. किनी पोपटासारखा बोलत होता, आमच्या घरात कुणी मागितलं आणि मिळालं नाही, असं कधी झालंच नाही म्हणे.

मी गुडघ्यावर पुढे सरकले, मान खाली घातली, टाळी वाजवली.

"किनी बाळा, मामीचं एक मागणं आहे. केरेकेरे."

हा शब्द चारचौघांत उच्चारला, की आमच्यात नाही म्हणता येत नाही. किनी ऐटीत हसला. "माग की मामी! लाजतेस काय?"

"तुझ्या गाडीच्या चारही दारांची हँडलं दे."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "मामी... थट्टा करतेस?"

"थट्टा कसली रे? तुझा मामा दवाखान्यात जायचा राहिलाय."

लितियाचे वडील त्याच्याकडे टक लावून बघत होते. "घेऊन जा," किनी पुटपुटला.

पाना पिशवीत घेऊनच आले होते मी. सगळ्या पाहुण्यांदेखत एकेक हँडल सावकाश काढलं. घाई कशाला? त्यात पावसाची झड लागली, आणि हात आत घालायला काचा खाली ठेवल्याशिवाय किनीला आता दार उघडता येणार नव्हतं. लितिया तोंडाला पदर लावावा तशी हाताने हसू दाबत होती. मला काय गोड वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी आमच्या पांढऱ्या गाडीला चंदेरी हँडलं बघून हे कुबडीवर थबकले.

"कुठून आणलीस?"

"किनीकडून."

"दिली त्याने?"

"मागितली. त्याच्या सासऱ्यासमोर."

मला वाटलं, आता भाच्यावरून वीज कोसळणार. पण ह्यांनी हात पुढे केला, स्वतः दार उघडलं आणि आत बसले. दवाखान्यात उतरताना म्हणाले,

"मूर्ख बाई, चाकं का नाही मागितलीस?"