दोनशे चाळीस फेरे

बत्तीस वह्यांत ३८४० आणि माझ्या एकटीच्या वहीत २४०. २००५ सालचं हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं गणित. मोटारीचं वीस सेंटीमीटरचं चाक मिनिटाला ९६० फेरे घेतं, तर पट्ट्यानं जोडलेलं ऐंशी सेंटीमीटरचं चाक किती घेईल? गाइडात ३८४० छापलं होतं. वर्गानं भागायच्या जागी गुणलं आणि मोकळा झाला. उत्तर जुळवण्यात आमच्या वर्गाचा हात अख्ख्या हिंगणघाटात कोणी धरला नसता.

सरांनीही गाइडच पाहिलं आणि माझ्या वहीवर लाल फुली मारली. मी वाद घातला. माझी जीभ तशी आवरत नाहीच.

"सोमवारी वडिलांना घेऊन ये," सर म्हणाले.

तिथं माझी पाचावर धारण बसली. बाबांनी मला सायन्सला एकाच अटीवर घातलं होतं. कॉलेजातून एक तक्रार आली की नाव काढायचं आणि घरी बसायचं.

मदत मागायला मी तिघा सीनियरांकडे गेले. तिघांनीही गाइड उघडलं. चौथे प्रेमदासकाका, आमच्या किराणा दुकानासमोरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधले फिटर, सातवी पास.

"अडतीसशे चाळीस?" काका हसले. "एवढे फेरे घेतले त शाफ्ट छप्पर घेऊन नागपूरले जाईन. लहान चाकानं मोठं चाक फिरवलं त ते हळूच फिरते, सपना. सरले इथंच घेऊन येजो, लोडशेडिंगच्या टायमाले."

लाइट गेली की जिनिंग थांबायचं आणि काकांचं तेलपाणी सुरू व्हायचं. सोमवारी बाबा मान खाली घालून कॉलेजात आले. मी सरांना म्हटलं, "पाच मिनिटं जिनिंगमध्ये चला. मी चुकले तर आजच नाव काढते." सर निघाले, मागे वह्या घेऊन सगळा वर्ग.

काकांनी बाकीचे पट्टे उतरवले आणि मोटारीचं वीसचं, शाफ्टचं ऐंशीचं अशा दोन्ही चाकांवर खडूनं रेघ मारली. "सर, तुम्हीच मोजा." काकांनी हातानं चाक फिरवलं. मोठ्या चाकाचा एक फेरा झाला, तोवर लहान चाकाचे चार. सरांनी तीनदा मोजले.

"९६० भागिले चार," सर सावकाश म्हणाले. "दोनशे चाळीस. गाइड चुकलं. मीही चुकलो."

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

सरांनी खिशातला लाल पेन मला दिला. "बाकीच्या बत्तीस वह्या तूच तपास."

मी कापसाच्या गाठीवर बसले. बाबा शेजारी उभं राहून एकेक वही उघडून देऊ लागले. दहाबारा वह्या झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "हे बी चूकच हाय का वं?"

"चूकच, बाबा."

"मंग फुली मोठी मार."