डेन्झिलकाकांचा तिसरा क्लच

क्लच कुणी कसा मारला हे त्याची प्लेट हातात घेतली की मला कळतं. आमच्या समुद्रकाठच्या पोर्थगॅर गावात गॅरेज माझं एकटीचंच, आणि गाव सगळं चढउताराचं. बावीस वर्षांत इथल्या लोकांच्या डाव्या पायांबद्दल मी जेवढं वाईट बोलले, तेवढं त्यांच्या बायकाही बोलल्या नसतील. पोस्टातली बाई तर पेडलवर पाय ठेवून झोपते की काय, देव जाणे. आमचे पाद्रीसाहेब चढावर हँडब्रेक ओढायचा सोडून अर्ध्या क्लचवर गाडी तोलत उभे राहतात. का? तर मागच्याला ताटकळावं लागू नये म्हणून! सगळ्यांना मी एकच सांगते, बाबांनो, क्लच पूर्ण दाबा नाहीतर पूर्ण सोडा, आणि मग तो पाय तिथून उचला. ऐकतंय कोण!

हे मला सतराव्या वर्षी डेन्झिलकाका ट्रेगिअरनी शिकवलं. तेव्हा ते आमच्या गल्लीबोळांतून बस चालवायचे. मी चढावर जरा क्लचवर थांबले की म्हणायचे, "हँडब्रेक काय कोट टांगायला दिलाय का, पोरी?" ही गोष्ट घडली तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. बायको गेल्यापासून टेकडीवरच्या घरात एकटे असतात. एक जुनी छोटी गाडी, तिच्यातून दुकान, दवाखाना आणि बंदरावरचे मित्र. त्या माणसाच्या गाडीचा क्लच दोन वर्षांत तिसऱ्यांदा जळाला.

त्यांची मुलगी केरेन्सा माझ्या वर्गातली. ब्रिस्टलला असते. तिचा फोन आला, "अगं टॅमसिन, बास झालं आता. बाबांना झेपत नाहीये. शनिवारी येतोय आम्ही. चाव्या काढून घेते, घर विकायला लावते आणि त्यांना इकडे म्हाताऱ्यांच्या सोसायटीत फ्लॅट बघते."

मी फोन ठेवला आणि तडक गाडी लिफ्टवर घेतली. गिअरबॉक्स उतरवला. रोज थोडाथोडा झिजलेला क्लच निराळा दिसतो. हा झिजलाच नव्हता, भाजला होता. प्लेट जिच्यावर घासते त्या फ्लायव्हीलच्या चकतीवर निळे डाग पडले होते. कुणीतरी जड ओझं जोडून, इंजिन बोंबलेपर्यंत दाबून, क्लच अर्धाच सोडून गाडी खेचली होती. मग मी मागच्या बंपरखाली वाकले. तिथे ट्रेलर ओढायचा हूक! ट्रेलर ज्यावर अडकतो त्या गोळ्यावरचा रंग घासून पार गेलेला, लखलखीत झालेला, आणि खाली बोल्टात वाळकं समुद्रशेवाळ अडकलेलं. आधीच्या दोन्ही वेळी ऐन सीझनच्या घाईत मी मागे पाहिलंच नव्हतं. आणि म्हणे मी मोठी मेकॅनिक!

काकांची बोट तर काकू गेल्या त्याच वर्षी विकली गेली होती. आता बोट होती ती जावयाची; सीझनमध्ये शनिवार-रविवार केरेन्साला घेऊन यायचा आणि इथेच ती पाण्यात उतरवायचा.

शनिवारी तिघंही गॅरेजात आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, हातात चाव्या. जावई ज्यूलियन त्याच्या भल्यामोठ्या इलेक्ट्रिक गाडीतून उतरला. ज्याच्या गाडीला क्लचच नाही, तो मला क्लच शिकवायला लागला.

"हे बघा, दोष तुमच्या या एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांचा आहे. समोरून कुणी आलं की हे सासरेबुवा मागे, मागे, मागे! आख्खा चढ रिव्हर्समध्ये. वर हाताचं बोट उचलून सलामही करणार. सभ्यपणापायी क्लच जळतो. वय झालंय, मान्य करायला हवं."

"जो रुंद जागेच्या जवळ असतो तो मागे घेतो," मी म्हटलं. "इथे तसंच चालतं. आणि हा माणूस तीस वर्षं बस मागे घेत आलाय."

"ज्यूलियन म्हणतोय ते बरोबर आहे," काका मध्येच म्हणाले. "चूक माझीच. सोड, टॅमसिन." ते डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगत होते. मला वाटलं, म्हातारा भिडस्त, भांडण नको म्हणून माघार घेतोय. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी जळकी प्लेट ज्यूलियनच्या पुढ्यात आपटली. त्याच्या पांढऱ्या बुटांवर काळी भुकटी उडाली. "सभ्यपणाने असं होत नाही, साहेब. धक्क्याच्या ओल्या उतारावरून दीड टनाची मोटरबोट सासऱ्याच्या गाडीने वर ओढली की असं होतं. तुमची महागाची गाडी खाऱ्या पाण्यात उतरवायला जिवावर येतं ना? म्हाताऱ्याची गंजली तरी चालेल! आणि हे शेवाळ काय काका जेवायला आणतात?"

केरेन्सा नवऱ्याकडे वळली. "तू तर म्हणालास, बोट बंदरावरची माणसं ट्रॅक्टरने काढतात!"

त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "एकदोनदाच... ट्रॅक्टरला रांग असते गं..."

"एकदोनदा!" मी म्हटलं. तिथल्या तिथे पाना घेऊन मी तो हूक सोडवला आणि त्याच्या हातात दिला. "घ्या. आठवण म्हणून ठेवा."

केरेन्साने बापाची माफी मागितली, चाव्या त्यांच्याच मुठीत राहू दिल्या. दोघं गाडीत बसून गेले. जाताना एकमेकांकडे बघतही नव्हते. मी हात पुसत मोठ्या ऐटीत म्हटलं, "बघितलंत काका? कसा ठेचला!"

काका स्टुलावर बसले होते. "तुला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं? घरात बसून मला त्या इंजिनाची बोंब ऐकू यायची."

"मग बोलला का नाहीत?"

"ते बोटीसाठी यायचे गं. पण यायचे तर. शनिवारी रात्री केरेन्सा माझ्या स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये माशाची पाई भाजायची, तिच्या आईसारखी." ते उठले. "चाव्या आज गेल्या असत्या, कबूल. घर सोडायला मात्र मी नाही म्हणणारच होतो. पण ज्यूलियनचं ते सांगायचं की नाही, ही माझ्या तोंडची गोष्ट होती, तुझ्या नाही."

माझ्या जिभेचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

बोट आता दुसऱ्या बंदरात असते. केरेन्सा रविवारी फोन करते, वीस मिनिटं. पुढच्या वसंतात काका गॅरेजात आले, म्हणाले, "हूक नवा बसव."

"कशाला? बोट..."

"आलेच कधी, तर त्यांना दिसायला हवा. मी रागावलेलो नाही हे कळेल."

मी गुमान बसवला, बोल्ट नीट आवळले. त्याला आता तीन उन्हाळे झाले. दर सर्व्हिसिंगला मी क्लच तपासते, नव्यासारखा आहे. मग मागे वाकून हूकही बघते. गोळ्यावरचा काळा रंग जसाच्या तसा आहे.