पावणेदहा आटे

पाणीपुरवठा आणि जलनिस्सारण कार्यालयाच्या हेडक्लार्कला आयुष्यात एकच काम मनापासून आवडे: दुसऱ्याचा कागद परत करणे. आलेला अर्ज तो दोन बोटांत धरून आधी उजेडात बघे, नाक मुरडे आणि मग शेरा मारी. एरवी कामाच्या नावाने शंख, पण शेऱ्याचं अक्षर मोत्यासारखं. "जे दप्तरी नाही, ते नाही," हे त्याचं ब्रीद. ते त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याने तोंड उघडायच्या आत आवकच्या टेबलावरची बाई ओठांतल्या ओठांत म्हणून मोकळी होई.

घर चढावरच्या शेवटच्या गल्लीत. तिथल्या बाकीच्या गल्ल्या पाण्यासाठी रडत, याच्या गल्लीत मात्र पहाटे पाच ते सहा नळाला चांगली धार. आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्या रोज दोन चादरी धुवायच्या, तिला पुसून काढायचं, कूस बदलायची; ते सगळं त्याची बायको करी. तो फक्त धारेचं श्रेय घेई. "आपल्या शब्दाला वजन आहे तिकडे," असं पेपर वाचता वाचता म्हणे, आणि म्हातारी कौतुकाने हसे. खरं तर पाण्यासाठी त्याने कधी कुणाकडे शब्द टाकलाच नव्हता. पाणी कसं सुटतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक होतं म्हाताऱ्या व्हॉल्व्हमनला. एकतीस वर्षं तो गावभर लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे व्हॉल्व्ह सोडत हिंडला. एकूण व्हॉल्व्ह बासष्ट. चावीचा एक फेरा म्हणजे एक आटा. खालच्या गल्लीला अडीचच आटे द्यायचे, नाहीतर सगळं पाणी उतारावर पळतं आणि वरचे नळ नुसते खोकतात. कुठे किती आटे, हे त्याने एका वहीत लिहून ठेवलं होतं, एका व्हॉल्व्हला एक पान. निवृत्तीला महिना उरला, तेव्हा त्याने एवढंच मागितलं की ही वही दप्तरी घ्या, म्हणजे मागून येणाऱ्याला उपयोगी पडेल. त्याआधी एकतीस वर्षांत त्याने ऑफिसकडे काही मागितलं नव्हतं.

पहिल्यांदा वहीला ओलीचा वास आला. हेडक्लार्कने तिला हातसुद्धा लावला नाही, फूटपट्टीने टेबलाच्या कडेपर्यंत ढकलली. शेरा: 'मळकी'. म्हाताऱ्याने नवी वही आणून सगळं उतरवून काढलं. शेरा: 'पेन्सिलने लिहिलेले ग्राह्य नाही'. त्याने पुन्हा शाईने उतरवलं. शेरा: 'विहित नमुन्यात नाही'. मग विहित नमुना शोधला गेला. त्यात तीन रकाने होते: क्रमांक, उघडा, बंद. म्हाताऱ्याने विचारलं की आटे कुठे लिहू?

"आटे-बिटे तुझ्या घरी," हेडक्लार्क म्हणाला. "व्हॉल्व्ह एक तर उघडा असतो, नाहीतर बंद. जे दप्तरी नाही, ते नाही. एवढंही कळत नाही, आणि म्हणे एकतीस वर्षं नोकरी."

म्हाताऱ्याने बासष्ट वेळा 'उघडा' लिहिलं, वही काखेत मारली आणि महिनाअखेर घरी गेला. हेडक्लार्कने नमुन्यावर सही ठोकली.

म्हाताऱ्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस आला. त्याच्या हाती नमुना पडला आणि त्याने इमानदारीने बासष्टच्या बासष्ट व्हॉल्व्ह पूर्ण उघडले. खाली दोन जोड फुटून रस्ते वाहू लागले. वर हेडक्लार्कच्या नळातून हवा फुसफुसली, बस. बायको उताराखालून बादल्या आणू लागली, रोज आठ खेपा. तिसऱ्या दिवशी म्हातारीची चादर दुपारपर्यंत तशीच राहिली, चौथ्या दिवशी पाठीवर जखम दिसली. म्हातारी म्हणाली, बाळ, तिकडे एक शब्द टाक ना.

बाळाने शब्द टाकला. ठेकेदाराच्या माणसाने नमुना पुढे केला. 'उघडा', आणि खाली साहेबांचीच सही.

पाचव्या दिवशी झक मारत तो म्हाताऱ्याच्या दारी गेला. म्हातारा टोमणा मारेल म्हणून उत्तर जुळवत गेला होता, ते वाया गेलं. "लागेल म्हणून जपून ठेवली होती, साहेब," एवढंच म्हणून म्हाताऱ्याने वही दिली.

कोपऱ्यावर थांबून त्याने आपल्या गल्लीचं पान काढलं. चार वर्षांपूर्वीची तारीखसुद्धा जशीच्या तशी उतरवलेली होती. 'शेवटची गल्ली, चढ. नऊ आटे. साहेबांच्या आई अंथरुणाला, चादरी धुवायला पाणी पुरत नाही, सूनबाई सांगत होत्या. पावणेदहा.'

दुसरा कुणी आल्या पावली म्हाताऱ्याच्या दारी परत गेला असता. याचे कान तापले. हे पान दप्तरी गेलं तर आपलं वजन म्हणजे या चावीवाल्याने केलेली कीव होती, हे आवकच्या बाईपासून शिपायापर्यंत सगळे वाचणार! ऑफिसात येऊन त्याने फूटपट्टी लावून पान सुबक फाडलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग वही दाखल करून घेतली आणि मोत्यासारख्या अक्षरात शेरा मारला: 'यातील नोंदींप्रमाणेच कार्यवाही व्हावी'.

दुसऱ्या पहाटे साऱ्या गावाला पाणी आलं, त्यांच्या गल्लीला सोडून. बायको बादल्या घेऊन खाली गेली आणि तिने ठेकेदाराच्या माणसाला विचारलं. त्याने पानं उलटून दाखवली. नोंदी एकसष्ट. तुमची गल्ली वहीत नाही, ताई, आणि जे दप्तरी नाही ते नाही, असं साहेबांचंच सांगणं आहे. तिने वहीतली फाटलेली कड पाहिली. रिकाम्या बादल्यांनिशी ती घरी आली, सरळ खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. एकवीस वर्षांच्या संसारात कुठे शोधायचं ते कळतंच.

हेडक्लार्क जागा झाला तेव्हा पान तिच्या हातात होतं.

"हे मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "चार वर्षं त्यांच्या पाण्याने तोंड धुतलंत. आईंच्या पाठीला जखम झाली, ती बघितलीत, आणि तरी हे फाडलंत?"

दप्तरातलं तुला काय कळतं, असं तो म्हणायला लागला, पण ऐकायला ती थांबली नाही; पान घेऊन तडक ठेकेदाराच्या माणसाकडे गेली. दहा मिनिटांनी नळ दोनदा खोकला आणि धार सुरू झाली.

आतून म्हातारीचा आवाज आला, "आलं का गं पाणी? बघ, माझ्या लेकाने शब्द टाकला."

बायको बादली भरून दारापर्यंत आली होती. आता ही सांगणार, म्हणून तो दारात अंग चोरून उभा राहिला. सगळं नाकबूल करायची तयारीसुद्धा झाली होती त्याची.

"हो आई," ती म्हणाली. "त्यांनीच आणलं." त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. "जरा सरका, बादली आत न्यायचीय."